पंखा की पिचकारी

हिराजीबाबा इंजिन टाचेनं ऐकायचे.

मी दोन वर्षं डिझेल इंजिनाचा कोर्स करून आणि आणखी दोन वर्षं कुर्ल्याच्या एका वर्कशॉपमध्ये हात काळे करून वेसाव्याला शिकवायला आलो होतो. इंजिन कानानं ऐकतात एवढंच मला माहीत होतं. बाबा चालत्या बोटीत उजवी टाच इंजिनाजवळच्या फळीवर टेकवायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. आरतीला उभ्या राहिलेल्या माणसाचा चेहरा होतो तसा त्यांचा चेहरा व्हायचा. मग डोळे उघडून म्हणायचे, "मागचा बेअरिंग. आठ दीस चालंल. नवव्या दिसाला दर्यान बसवंल."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी हसलो. चार पोरं हाताशी घेऊन, मी मी म्हणत इंजिन उघडलं. मागचाच बेअरिंग होता. दोन तास बाबा बाजूला उकिडवे बसून बिडी ओढत होते आणि एका शब्दानं त्यांनी मला टोचलं नाही. टोचलं असतं तर बरं वाटलं असतं.

साठचं दशक संपत आलं होतं. शिडाच्या होड्यांना इंजिनं बसायला सुरुवात होऊन काही वर्षं झाली होती आणि कोळ्यांना ती चालवायला, दुरुस्त करायला शिकवावं म्हणून खाडीच्या काठावर एक केंद्र निघालं होतं. केंद्र म्हणजे पत्र्याची शेड, एक फळा आणि मी. मी मूळचा बुलढाण्याकडचा. आमच्या गावची नदी वर्षातले आठ महिने वाळूची असते, उरलेल्या चार महिन्यांत गुडघाभर. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो नोकरीचा अर्ज द्यायला मुंबईत आलो तेव्हा.

पहिल्याच दिवशी बाबांनी विचारलं, "कुठला रं तू, मास्तर?"

मी जिल्हा सांगितला, तालुका सांगितला, गाव सांगितलं, आणि आम्ही बौद्ध आहोत हेही जरा मान ताठ करूनच सांगितलं. कुठंही नवीन गेलो की हा प्रश्न फिरून फिरून तिथंच येतो, तेव्हा आपणच आधी सांगून मोकळं व्हावं असा माझा त्या वयातला खाक्या होता. बाबांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं, थोडा विचार केला आणि म्हणाले, "म्हंजे तुला पवाला येत नाय."

पोहायला मला त्यांनीच शिकवलं. महिन्याभरात मी खाडीतलं पाणी इतकं प्यालो की मीठ वेगळं खायची गरज राहिली नाही.

बाबा तेव्हा साठीच्या आसपास असतील. बुटके, रुंद, कमरेला कोळ्यांचा तिकोनी रुमाल, डोक्यावर लाल टोपी. स्वतःची बोट होती, सहा माणसांची, आणि तिचे तांडेलही तेच. म्हणजे बोट कुठं न्यायची, जाळं कधी टाकायचं, कधी परतायचं, सगळं त्यांच्या शब्दावर. गावात भांडण झालं तरी शेवटी "बाबांना इचारा" इथंच येऊन थांबायचं. आणि बाबांना काहीही विचारलं की त्यांचा उलटा प्रश्न ठरलेला असायचा, "भरतीला का सुकतीला?"

सुकती म्हणजे ओहोटी. कोळी दर्याचं बोलतो तेव्हा हे विचारणं साहजिकच, पण बाबा सगळ्यालाच विचारायचे. शाळेचा नवा हेडमास्तर कसा वाटतो? भरतीला का सुकतीला? निवडणुकीला उभा राहिलेला माणूस बरा आहे का? भरतीला का सुकतीला? त्यांचं म्हणणं असं की भरतीला सगळंच पाणी खोल दिसतं आणि सगळ्याच होड्या तरंगतात. पाणी उतरल्यावर खाली दगड किती, चिखल किती ते समजतं, तेव्हा बघायचं ते उतरल्यावर.

त्यांच्या पुतणीला मढचं स्थळ आलं होतं. बघायला गेले तेव्हा तिकडच्यांनी घर रंगवलेलं, बोटीला नव्या पताका, पापलेटचं जेवण. सगळे खूश होऊन परतले, बाबा फक्त "बरा हाय" म्हणाले. पुढच्या आठवड्यात आडवारी भरदुपारी ते एकटेच तरीनं खाडी ओलांडून मढला जाऊन आले आणि आल्यावर म्हणाले, लग्न ठरवा. काय पाहिलं म्हणून मी खोदून खोदून विचारलं, तेव्हा सांगितलं, "पोरगा आयचे पाट्या घासत व्हता. कोन बघत नव्हता." बाजारातून आलेल्या आईच्या मासळीच्या पाट्या, घरामागं, माशा उठवत घासणारा मुलगा. पुतणीचा संसार झकास झाला हे मी पुढं डोळ्यांनी पाहिलं.

ही पुतणी धाकूदादांची. धाकूदादा म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, चाळिशीचे. त्यांना उजवा हात मनगटापासून नव्हता. ते दिवसभर उंबराखाली बसून डाव्या हातानं आणि पायाच्या अंगठ्यानं जाळी विणायचे, आणि दोन हातवाल्यांच्या नाकावर टिच्चून विणायचे. इंजिनाच्या बोटीवर मात्र ते पाय ठेवायचे नाहीत. त्यांची लहानशी वल्ह्याची होडी होती, तीत बसून एकहाती खाडीत जायचे. त्यांची बायको जानकी अंधेरीच्या बाजारात मासळी विकायची आणि घर चालवायची. हाताचं मी कुणाला विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही.

एकदा मी वर्गात मोठ्या ऐटीत म्हणालो, "यंत्र चुकत नाही, माणूस चुकतो." बाबा मागं बसले होते. वर्ग सुटल्यावर ते माझ्याबरोबर काठापर्यंत चालत आले.

"बराबर शिकवलंस," ते म्हणाले. "धाकूचा हात मी घेतला."

गावातलं पहिलं इंजिन त्यांच्याच बोटीला बसलं होतं. खालच्या पंख्यात जाळ्याची दोरी गुंडाळली. पंखा म्हणजे इंजिनानं पाण्याखाली फिरणारी पितळी पाती, बोट ढकलणारी. ती सोडवायला दोन माणसं सुरी घेऊन खाली उतरली, एक खलाशी आणि धाकू. पाण्याला ओढ होती, बोट वाहत जाळ्याच्या खुंटांवर चालली होती. एक डोकं वर आलं. बाबांना घाई झाली होती, त्यांना दोन्ही वर आल्यासारखी वाटली. त्यांनी हँडल मारलं. इंजिन गिअरमध्येच राहिलं होतं.

"मना दोन दिसले," बाबा म्हणाले. "एकच व्हता." मग बिडी पेटवायला गेले आणि चार काड्या वाया गेल्या. मी त्यांच्या हातातून काडेपेटी घेतली. बिडी मी पेटवून दिली.

पुढच्या वर्षी कोळ्यांच्या मच्छीमार सोसायटीनं सगळ्या गावाच्या बोटींना एकदमच इंजिनं घ्यायचं ठरवलं. एकाच जातीची घ्यायची, म्हणजे सुटे भाग एक आणि शिकवायला मास्तर एक. त्याच सुमाराला कुठल्याशा थंड देशातून एक साहेब एक नवीनच बोट घेऊन आमच्या शेडपाशी आले. माणूस उंच, लाजाळू, उन्हानं लाल झालेला. त्यांच्या बोटीला पंखाच नव्हता. बोटीच्या बुडाला एक जाळी, तिच्यातून पाणी आत ओढायचं आणि मागच्या नळीतून जोरात बाहेर फेकायचं, त्या धक्क्यानं बोट पुढं. साहेबांनी फोटो दाखवले. दगडगोट्यांच्या नदीत, वीतभर पाण्यावरून बोट चालली आहे आणि साहेबांच्या गावचे लोक तीत बसून मासे धरताहेत. मी समजावून सांगत होतो तोवर कोळ्यांनी तिचं बारसं करून टाकलं होतं: पिचकारी.

बाबांनी फोटोंकडे पाहिलंही नाही. ते सरळ पाण्यात उतरले, बोटीखाली गेले आणि बराच वेळ वर आले नाहीत. वर आले तेव्हा त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा झाला होता. ओल्या अंगानं ते उंबराखाली गेले.

"धाकू, खाली कायच नाय रं. पातं नाय. हात घाल, पाय घाल, कायच नाय."

धाकूदादा विणत राहिले.

"यो इंजिन आनतो मी गावान. सबूद देतो तुला. मंग चढशील ना बोटीवर?"

धाकूदादांनी अंगठ्यातला दोरा सोडला. "आनलास तर चढन," ते म्हणाले.

त्या दिवसापासून बाबा पोरासारखे वागायला लागले. साहेबांच्या मागं मागं फिरायचे, त्यांना बोंबील खायला घालायचे, मला दुभाष्या करून शंभर प्रश्न विचारायचे. सोसायटीनं निर्णय बाबांवर सोपवला होता आणि बाबांचा निर्णय झाल्यातच जमा होता. गावात सगळ्यांनाच कारण माहीत होतं आणि कुणाची ना नव्हती.

पहिली फेरी पौर्णिमेच्या भरतीला झाली. साहेबांच्या बोटीला हार घातले, नारळ वाढवला, आणि बोट जी सुटली ती आमचे डोळे पोहोचेपर्यंत मढच्या टोकाला. काठावर बाया टाळ्या पिटत होत्या. साहेबांनी जाळ्याच्या दोऱ्यांवरून बोट नेऊन दाखवली, एक धागा तुटला नाही. सोसायटीचे चेअरमन म्हणाले, सह्या करून टाकू. मीही म्हणालो, करून टाकू.

बाबा काठावर उभे होते. सगळे त्यांच्याकडे पाहायला लागले, तेव्हा ते नाखुशीनंच, जवळजवळ पुटपुटत म्हणाले, "यी तर भरती झाली."

मला त्यांचा राग आला, खोटं का बोलू? इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते दारात आलं होतं, आणि हा माणूस स्वतःच्याच सुखाला तपासायला निघाला होता. पण सवय ती सवय.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी पार उतरल्यावर आम्ही खाडीत आत गेलो. बाबा, साहेब, मी आणि तीन खलाशी. खारफुटीच्या कडेनं पाव मैल झाला असेल नसेल, इंजिनाचा आवाज बदलला. बाबांची टाच फळीवरच होती. "याचे पोटान दुखतंय," ते म्हणाले. बुडाची जाळी चिखल, पानं आणि गोणपाटाच्या चिंध्यांनी गच्च झाली होती. बाबांनी खाली जाऊन हातांनी ती साफ केली. पुन्हा पाव मैल, पुन्हा गच्च. असं त्यांनी त्या सकाळी सात वेळा केलं. आठव्यांदा साहेब स्वतः उतरले आणि मांडीभर चिखलात रुतले. त्यांना ओढून काढताना बाबा त्यांची समजूत घालत होते, "व्हईल, व्हईल, नवा हाय अजून." साहेबांना मराठी येत नव्हतं, पण समजूत पटल्यासारखी त्यांनी मान हलवली.

तिसऱ्या दिवशी बाहेर दर्यात. आमच्याकडची डोल जाळी खुंटांना बांधलेली असतात. ती उचलायची म्हणजे ओढीच्या पाण्यात बोट एका जागी, सावकाश, दम धरून उभी ठेवावी लागते. पिचकारी पळायला हुशार, पण हळू चालताना तिच्यात जोर नव्हता. बोट खुंटापासून वाहून जायची, बाबा पुन्हा आणायचे. माझं पुस्तकही हेच सांगत होतं आणि मी ते आधी बोललो नव्हतो.

परतताना खाडीच्या तोंडाशी, वाळूच्या दांड्यापाशी, जिथं लाटा फुटतात नेमकं तिथं, पिचकारीनं काहीतरी गिळलं आणि इंजिन गुदमरून बंद पडलं. बोट आडवी झाली. पहिली लाट आत आली तेव्हा मी साहेबांचा हात धरला की साहेबांनी माझा, आठवत नाही. बाबा उतरायला निघाले होते, पण त्या लाटेत बोटीखाली जाणं शक्यच नव्हतं. मागून गावातली एक पंख्याची बोट येत होती म्हणून वाचलो. तिनं दोर टाकला आणि आम्हा सहा जणांना ओढून आत आणलं. वाटेत बाबा दोन्ही पाय बाकावर वर घेऊन बसले होते, टाच कुठंच टेकवली नव्हती.

काठावर आल्यावर साहेबांनी मला सांगितलं, "त्यांना सांगा, आमच्या नदीसाठी मी या यंत्राची शपथ घेईन. इथं घेणार नाही." भला माणूस होता. मी ते बाबांना सांगितलं. बाबांनी साहेबांना नमस्कार केला आणि घरी गेले.

रविवारी देवळासमोर बैठक भरली. धाकूदादा पहिल्यांदाच पुढं येऊन बसले होते, शेजारी जानकी. बाबा उभे राहिले. त्यांना भाषण येत नव्हतं.

"मना पिचकारी पायजे व्हती," ते म्हणाले. "कनाला पायजे व्हती ते तुमाला म्हाईत हाय. नदीन ती राजा हाय. मास्तरचे नदीन कदी पानी आला तर तिकरं न्या. पन आमची खारी चिखलाची, आनि दर्यान हलू चालाला जोर लागतो. पंखा हात घेतो. पिचकारी दांड्यावर बंद परली तर होरी घेते. होरीन सा मानसं असतान." थोडं थांबून म्हणाले, "पंखा घ्या."

मग जानकी उठली. "दादा, तुमी सबूद दिलावता."

"दिलावता," बाबा म्हणाले. "आज मोडला."

धाकूदादा उठून गेले. बाबा उभेच राहिले. मी आयुष्यात पुष्कळ शूर माणसं पाहिली असं म्हणवत नाही, पण एक नक्की पाहिला. भर बैठकीत, भावाच्या पाठमोऱ्या अंगाकडे बघत तो उभा होता, आणि बोललेला शब्द त्यानं परत घेतला नाही.

नवी इंजिनं आली त्या दिवशी बाबांनी सगळ्या तांडेलांना बोलावून एक कायदा केला. पंख्यात काही अडकलं आणि माणूस पाण्यात उतरला, की इंजिनाचं हँडल काढून एका माणसाच्या हातात द्यायचं. हँडलशिवाय ती इंजिनं सुरूच होत नसत. त्या माणसानं बोटीच्या कडेला बसून पाण्याकडे बघायचं, दुसरं काही करायचं नाही, बिडीसुद्धा ओढायची नाही. खाली गेलेला स्वतः बोटीवर चढून मागेल तेव्हाच हँडल सोडायचं. आणि स्वतःपुरता आणखी एक कायदा त्यांनी केला. "पंखा मी निवडला. माजे बोटीचा पंखा मीच साफ करनार." पाच खलाशी असताना म्हातारा सुरी दातात धरून खाली जायचा. मी रागावलो, खलाशी रागावले, पण ऐकतो कोण? पहिला कायदा मी फळ्यावर लिहून ठेवला आणि पुढं कुठंही शिकवलं तरी तिथूनच सुरुवात केली. माझ्या पुस्तकात तो नव्हता.

धाकूदादा बाबांशी बोलायचे बंद झाले. घर एक, चूल एक, पण बोलणं जानकीतर्फे. "जानके, सांग त्यांना, डावीकरचा दोर कुजलाय." बाबा समोरच बसलेले असायचे. जानकी बिचारी एकदा म्हणाली, मी मासळी विकू का तुमचा टपाल वाटू? बाबांच्या बोटीची जाळी मात्र धाकूदादाच विणायचे, आणि ती गावात सगळ्यांत मजबूत असायची. असं चार-साडेचार वर्षं चाललं. बाबांनी कधी त्याची तक्रार केली नाही. एकदाच मी विचारलं, पस्तावा होतो का? त्यांनी भरतीला का सुकतीला विचारलं नाही. "व्हतो," म्हणाले. "रोज व्हतो. पन पंखाच बराबर."

पुढं माझी बदली झाली. सामान बांधून झाल्यावर निरोप घ्यायला मी दुपारी काठावर गेलो. बाबांची बोट खाडीच्या तोंडाशी, हाकेच्या अंतरावर उभी होती. पंख्यात दोरी गेलेली दिसत होती, कारण बाबा टोपी काढून ठेवत होते. आता ते बरेच खंगले होते. ते बोटीच्या कडेला धरून पाण्यात उतरले, खलाशानं हँडल काढलं आणि कुणाच्या हाती द्यावं म्हणून मागं वळला.

तेवढ्यात धाकूदादांची वल्ह्याची होडी शेजारी येऊन लागली. ते विणलेलं जाळं पोचवायला आले होते. त्यांनी जाळं वर टाकलं. मग डाव्या हातानं बोटीची कड धरली आणि वर चढले. खलाशी तोंड उघडं टाकून बघत राहिला. धाकूदादांनी हात पुढं केला, त्यानं हँडल त्या हातात दिलं. ते कडेला येऊन बसले, हँडल मांडीवर घेतलं आणि तुटका हात त्याच्यावर दाबून ठेवला.

बाबा पाण्यातून वर बघत होते. वारा माझ्याकडे होता म्हणून मला ऐकू आलं.

"जा," धाकूदादा म्हणाले. "मी हाय."

बाबांनी सुरी दातात धरली आणि तसेच खाली गेले, श्वास न घेताच. पन्नास वर्षं दर्यात काढलेला तांडेल दुसऱ्या क्षणी नाकातोंडात पाणी जाऊन खोकत वर आला.

"सावकाश," धाकूदादा म्हणाले. "घाई नाय."

बाबांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं, छाती भरून श्वास घेतला आणि खाली गेले.